उंदीर खातो, उंदीर खात नाही

मागच्या फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. थेट म्हणाला, "मावशी, मोदक जेवत नाहीये."

आमच्याकडे मोदक खायचा असतो, त्याने स्वतः जेवायची पद्धत नाही. पण हा मोदक म्हणजे भाच्याचा अजगर. भाचा इंग्लंडात, लीड्सला असतो. तिथे हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर रीतसर दुकानात मिळतो. बाकी जग त्याला बॉल पायथन म्हणतं, ब्रिटिश लोक रॉयल पायथन म्हणतात. घाबरला की तो डोकं मधोमध लपवून स्वतःचा घट्ट गोळा करून बसतो. भाच्याने पहिल्या दिवशी हातात घेतला तेव्हा त्याला म्हणे तळहातावर उकडीचा मोदक ठेवल्यासारखं वाटलं. परदेशात सणावारांना घरी येता आलं नाही की मुलांना काय काय दिसतं.

हे नाव कळलं तेव्हा माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, कोयती खाली ठेवली होती. "उंदीर मोदक खाता ह्या म्हायत होता. मोदक उंदीर खाता ह्या आज आयकलंय."

तर मोदक जेवत नव्हता. का, ते समजून घ्यायला मला आणि आईला मिळून पंधरा मिनिटं लागली, आणि दोष मराठीचा होता. भाचा सांगत होता, "तो उंदीर खातो, पण उंदीर खात नाही." आई माझ्याकडे बघायला लागली. इंग्रजीत माऊस वेगळा, रॅट वेगळा. आपल्याकडे दोन्ही उंदीरच. फार तर घूस आणि चिचुंद्री तेवढ्या वेगळ्या काढतो. मोदक लहानपणापासून माऊसवर वाढला, मुठीत मावेल एवढ्या वीस-पंचवीस ग्रॅमच्या पांढऱ्या उंदरांवर. आता त्याचं वजन अकराशे ग्रॅमच्या वर गेलं. एका जेवणाला चार-चार, पाच-पाच उंदीर लागायला लागले आणि भाच्याचा खिसा ओरडायला लागला. त्यापेक्षा शंभर ग्रॅमचा एक मोठा उंदीर द्यावा, एका घासात काम. हिशोब बरोबर होता. मोदकाला तो मान्य नव्हता.

"दोन आठवडे उपाशी ठेव," मी म्हटलं. "भूक लागली की झक मारत खाईल." हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. ते माझ्या तोंडातून इतक्या सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं.

आई सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तेका म्हायत तरी आसा काय, ता खाणा आसा म्हणान?"

त्या रात्री मला वाटलं, म्हातारी आपली काहीतरी बोलते.

पण या बाबतीत तिचा अधिकार मोठा आहे. २०१९ साली गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती चार महिने पुण्याला भावाकडे होती. पावसाळ्याचे दिवस, त्यात आजारी माणूस, म्हणून भावाने हौसेने रोहू आणला. जाडजूड तुकडे, काटे काढलेले, वहिनीने तिरफळं घालून आमच्या पद्धतीचं सार केलेलं. आईने पहिला घास नाकाजवळ नेला आणि ताटात परत ठेवला. "चिखलाचो वास येता." चार महिने ती वरण-भात, कुळथाची पिठी आणि पापडावर राहिली. भाऊ वैतागून म्हणायचा, मासा तो मासा. आता मालवणजवळच्या वाडीत जन्म काढलेल्या बाईला मासा तो मासा म्हणणं म्हणजे मोदकाला उंदीर तो उंदीर म्हणण्यासारखंच झालं. तिच्यासाठी बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, इसवण ही खाण्याची नावं आहेत. रोहू हा प्राणी आहे. असेल बापडा.

आणि याच भावाने ऑगस्टअखेरीस कुठून तरी बर्फातले बांगडे आणले, तेव्हा तिने वास घेऊन "तीन दिसांचो आसा" असा निकाल दिला आणि तीन बांगडे खाल्ले. शिळा चालला. अनोळखी चालला नाही.

पुढचे अडीच महिने मी सापांच्या जेवणाबद्दल इतकं वाचलं की बँकेतल्या प्रमोशनच्या परीक्षेलासुद्धा वाचलं नव्हतं. साप जीभ आतबाहेर करतो ते चाखायला नाही. हवेतले, जमिनीवरचे वासाचे कण जिभेच्या दोन टोकांवर उचलायचे आणि आत टाळूतल्या याकोबसन इंद्रियाकडे पोचवायचे, एवढंच जिभेचं काम. अजगराच्या ओठांवर शिवाय उष्णता कळणाऱ्या खाचा असतात. त्यामुळे अंधारात ऊबदार भक्ष्य कुठे आहे ते त्याला समजतं. पण ते खायचं आहे का, हे बहुतेक वासावर ठरतं.

गॉर्डन बर्गहार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. गार्टर साप जिवंत पिल्लं घालतात. ही पिल्लं घेतली, जन्मल्यापासून एक घासही न खाल्लेली. गांडूळ, मासा वगैरेंच्या अर्कात कापसाचा बोळा बुडवून एकेकाच्या तोंडासमोर धरला. जे त्या जातीचं खाणं, त्याच्या वासाला पिल्लं जीभ भराभर लपलपवत आणि कापसावरच झडप घालत. आयुष्यात गांडूळ पाहिलेलं नाही आणि कापसाला गांडूळ समजून चावतंय! पुढे स्टीव्हन अर्नोल्डने कॅलिफोर्नियातल्या गार्टर सापांवर काम केलं. समुद्रकाठच्या ओलसर भागात बिनशंखाच्या गोगलगायी ढिगाने असतात, आतल्या कोरड्या भागात त्या नसतातच. एकाच जातीचे साप, पण किनाऱ्यावरची नवजात पिल्लं गोगलगाय पटकन खातात आणि आतल्या भागातली बहुतेक पिल्लं तोंड फिरवतात. हे वाचून मी आईला सांगितलं. "मगे!" ती म्हणाली. तिला किनारा आणि घाट यांतला फरक सिद्ध करायला कॅलिफोर्नियाची गरज नव्हती.

मोदकाचं थोडं वेगळं होतं. या अजगरांना जे पहिल्यापासून मिळालं तेच खाणं म्हणून डोक्यात बसतं, असा पाळणाऱ्यांचा अनुभव. गंमत म्हणजे रानातला अजगर असा एकाच भक्ष्याला चिकटून राहत नाही. नायजेरियात झालेल्या एका अभ्यासात ७० सेंटिमीटरपेक्षा लहान अजगरांच्या पोटात बहुतेक पक्षी सापडले, आणि एक मीटरच्या वरच्यांच्या पोटात उंदरांसारखे प्राणी. म्हणजे रानात तो वाढता वाढता स्वतःच ताट बदलतो. काचेच्या पेटीत दर आठवड्याला एकच ताट समोर येतं, मग दुसरं ताट असतं हे त्याला कळणार कुठून? मोदकाला नखरेल म्हणणं मी तेव्हापासून सोडलं. नखरा करायला निवड तरी असावी लागते.

भाच्याचे प्रयोग मात्र बघण्यासारखे होते. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी रविवारी रात्री बसायचो, सिरियलची वेळ बदलून. तिकडे उंदीर मेलेले आणि गोठवलेलेच मिळतात. जिवंत उंदीर पेटीत सोडणं त्याला पटत नाही. उंदराचं तर जाऊच दे, पण न जेवणाऱ्या सापाला तो उंदीरच कुरतडतो, पाठीचं हाड दिसेपर्यंत कुरतडल्याचे फोटो त्याने पाहिलेत. तर गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. तिथे तो बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो आणि कधी फुटतोसुद्धा. हे ऐकून आईने तोंडाला पदर लावला. अंगाला जिवंत प्राण्याइतकी ऊब आली की कोरडा करायचा, ओला उंदीर चालत नाही. डोक्याकडे जरा हेअर ड्रायर मारायचा, म्हणजे ओठांच्या खाचांना तिथली ऊब आधी जाणवते आणि साप डोक्याकडून धरतो. मग लांब चिमट्यात धरून हलकेच हलवायचा.

पहिल्या रविवारी मोदकाने जीभ काढली, दोनदा काढली, आणि वळून आपल्या डब्यात गेला.

दुसऱ्या रविवारी मोठ्या उंदराऐवजी त्याच जातीचं पिल्लू दिलं, माऊसएवढ्याच मापाचं. आकार तोच, रंग तोच. मला दोन्हीत काही फरक दिसेना. मोदकाला दिसला, म्हणजे वासाने कळला. ते पिल्लू त्याने नाकाने बाजूला सारलं. मी खोटं सांगत नाही, आमची आई पुण्यात रोहूची वाटी अशीच सारायची.

तिसऱ्या खेपेला आधी खोलीच तपासली. पेटीचा ऊबदार कोपरा ३१-३२ अंश, थंड कोपरा २५च्या आसपास, लपायला अंगाला घासेल असा घट्ट डबा. तो लपलाच नाही तर जेवत नाही. डोळे दुधाळ झालेत का तेही बघितलं, कारण कात टाकायच्या आधी ते खात नाहीत. शिवाय नर असेल तर हिवाळ्यात तसाही आठवडेच्या आठवडे उपास करतो. मोदक नर आहे. तेव्हा फेब्रुवारीत मोहीम काढणं हीच पहिली चूक, असं भाच्याने कबूल केलं. दर दोन दिवसांनी समोर उंदीर नाचवणंही बंद केलं. नाकारलेल्या प्रत्येक ताटाने साप जास्त बिचकतो. दहा दिवस थांबायचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, वहीत लिहायचं. ११४०. ११२५. १११०. आई वजन विचारायची, मी सांगायचे. वाडीतल्या कोणाला कळलं असतं तर आम्हा दोघींना देवाला दाखवून आणलं असतं.

इथे एक सांगायला हवं. वाडीतल्या मुलांना ही गोष्ट कळली तेव्हा एकाने विचारलं, "मग आपण एक धामण पाळूया?" नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली इथला साप घरात ठेवणं गुन्हा आहे. आमचा सर्पमित्र पकडलेला साप त्याच दिवशी सोडून येतो. आणि इथल्या सापांना जेवण शिकवायची कोणाची टाप! दिवडाला मासे-बेडूक, कवड्याला पाली, मण्यारीला दुसरे साप, फुरशाला विंचूसुद्धा चालतो. मेनू ठरलेला.

तरी आपण शिकवायला गेलोच होतो. लहानपणी नागपंचमीच्या सुमाराला गारुडी यायचे. घरात मातीचा नाग पुजलेला, त्याच्यापुढे दूध-लाह्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. मातीचा नाग काही खात नसल्यामुळे त्यात कोणाचं नुकसान नव्हतं. गारुड्याच्या टोपलीतला नाग मात्र वाटीत तोंड बुडवायचा, आणि मी पाच पैसे देऊन धावत घरी सांगायला यायचे की माझ्या हातचं दूध प्यायला. सर्पमित्राने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं की त्या नागाला दिवसेंदिवस पाणी मिळालेलं नसतं. तहानेने तो समोर येईल ते पितो. दूध त्याला पचत नाही, त्यानेच पुढे मरतो. मी खूश होऊन पाहिलेली ती हलणारी मान अजून डोळ्यांसमोर आहे. उपाशी ठेवलं की खाईल, हे शास्त्र आपल्याकडे जुनं.

वडिलांचं शास्त्र तेच होतं. जून-जुलैत मासेमारी बंद, आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, तेव्हा समुद्रच बंद करायचा. मग दोन महिने सुकी मासळी. मला खारा बांगडा आवडत नसे. म्हणजे वास आला की घसा मिटायचा. सातवं वर्ष असेल. वडिलांनी नियम केला, दुपारचं ताट रात्री, रात्रीचं सकाळी. दुपारी मी बसून राहिले. रात्री तेच ताट आलं, भात वाळून कडेला टणक झालेला, बांगड्याचा तुकडा तसाच. मी उपाशी झोपले. सकाळी वडील शाळेवर गेल्यावर आजीने चुलीतल्या निखाऱ्यावर बांगडा भाजला, काटे काढून हाताने कुस्करला, ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची आणि कोकमाचं आगळ घालून किसमूर केलं. मग बांगड्याचे सगळे कण वेचून काढले आणि उरलेलं नुसतं खोबरं चिमूटभर माझ्या पेजेवर ठेवलं. खोबऱ्याला वास होता, पण खोबरं माझ्या ओळखीचं होतं. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिने एक कण ठेवला. पाचव्या-सहाव्या दिवशी मी वाटी चाटली.

वडिलांना हे कधीच कळलं नाही. पाहुणे आले की ते अभिमानाने सांगायचे, "एक रात्र उपाशी ठेवली, आता बघा कशी खाते." आजी चुलीकडे तोंड करून बसलेली असायची.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, याला तिकडे सेंटिंग म्हणतात." म्हणजे ओळखीच्या भक्ष्याचा वास नव्या भक्ष्याला लावायचा. हॉगनोज नावाच्या सापाच्या काही जाती रानात मुख्यतः बेडकांवर जगतात. त्यांची पिल्लं उंदीर खाईनात तेव्हा पाळणारे उंदराला बेडूक चोळतात, किंवा चक्क डब्यातल्या ट्यूनाचं पाणी लावतात. सरडेखाऊ पिल्लांसाठी सरडा. आणखीही एक उपाय आहे, उंदराची कवटी फोडून मेंदूचा वास मोकळा करायचा. तेवढं धाडस भाच्याला झालं नाही, आणि तो करणार नाही म्हणाला याचं मला बरं वाटलं. त्याने दुकानातून माऊसच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा मागून आणला. दुकानदाराने काही विचारलं नाही, याचं त्याला जरा वाईट वाटलं. वितळवलेला मोठा उंदीर त्या भुशात बांधून ठेवला. घरातल्या दोन मित्रांनी त्या दिवशी जेवण बाहेर घेतलं.

एप्रिलचा दुसरा रविवार. आमच्याकडे रात्रीचा एक वाजलेला. आई खुर्चीतच पेंगत होती. भाच्याने दिवे मालवले, फोन टेबलावर टेकवून ठेवला, लाल उजेडात फक्त डब्याचं तोंड दिसत होतं. चिमट्यात उंदीर. मोदकाचं डोकं बाहेर आलं. जीभ, मग थांबा. पुन्हा जीभ, या वेळी लांब, सावकाश, वर-खाली. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली. भाच्याचा हात थरथरत होता, त्यामुळे उंदीर आपोआप हलत होता. मग काय झालं ते दिसलं नाही, इतकं पटकन झालं. दिसलं तेव्हा उंदराभोवती तीन वेटोळे पडलेले होते आणि चिमटा जमिनीवर होता.

मी आईला हलवलं. ती उठून म्हणाली, "खाल्ल्यान?" आणि परत झोपली.

त्याच्या एका मित्राचं म्हणणं, भुसा-बिसा काही नाही, एवढे आठवडे उपाशी होता म्हणून खाल्लं. असेलही. पुढच्या वेळी त्याच भुशात बांधलेला उंदीर मोदकाने नाकारला, त्याच्या पुढच्या वेळी घेतला. मग भाच्याने नवी युक्ती काढली. आधी एक छोटा ओळखीचा उंदीर द्यायचा, आणि तो गिळून होतो न होतो तोच त्याच्या मागोमाग मोठा तोंडाशी न्यायचा. जेवणाच्या लयीत असलेला साप फारसा विचारत नाही. आमच्या घरी याला लेकराला गोष्ट सांगत भरवणं म्हणतात. आता भुसा हळूहळू कमी करत आणलाय.

मे महिन्यात भाचा तीन आठवडे आला. मोदकाला कोण बघतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, जायच्या आधी जेवून घेतलंय त्याने, मित्र फक्त पाणी बदलतो. असा पाहुणा सगळ्यांना मिळो. पहिल्या दुपारी आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. सहा वर्षं तिकडे राहून पोरगं काटे काढायला विसरलंय, आणि वासाने त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली ती आईने पाहिली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटात बांगडा नव्हता. सोलकढी, भात, आणि ताटाच्या कडेला चिमूटभर ओलं खोबरं, जरा लालसर. त्याने ते भातात कालवलं. मी आईकडे बघितलं नाही, मला हसू आलं असतं.

जाताना त्याने आईकडून किलोभर सुकवलेला जवळा नेला, तिपदरी पिशवीत. लीड्सच्या फ्रीजरमध्ये वरच्या खणात मटार आणि पराठे असतात, खालच्या खणात मोदकाचे उंदीर, लहान एका डब्यात, मोठे दुसऱ्यात. जवळा त्यांच्या शेजारी ठेवलाय. उंदरांबद्दल मित्रांनी इतक्या दिवसांत कधी तक्रार केली नाही. जवळ्याबद्दल घराच्या ग्रुपवर मेसेज आलाय.